कल्ले सरळ ठेवा, टोकदार नको

पत्राचा सारांश: वाचकाचं वय 26, गाव कोल्हापूर, नोकरी पुण्यात. केस दाट, लाटदार, सध्या खांद्याखाली वीतभर. ‘केस बघून मी बाई की पुरुष हे कुणाला चटकन ठरवता येऊ नये, असा कट मला हवाय,’ असं पत्रात लिहिलंय. अडीच वर्षांपूर्वी पार्लरमध्ये ‘एकदम शॉर्ट करा’ सांगितलं, तेव्हा कानांपुढे नाजूक बटा आणि मानेवर टोक असलेला गोलसर कट मिळाला. ऑफिसात सगळे ‘किती गोड!’ म्हणाले आणि ते शब्द जिव्हारी लागले. केस पुन्हा वाढवले. मध्यंतरी घराजवळच्या सलूनमध्ये विचारलं, तर ‘लेडीज कटिंग करत नाही’ असं उत्तर आलं. मैत्रिणींच्या मते चेहरा गोल आणि मान आखूड, त्यामुळे शोभणार नाही. चार महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे आणि आई म्हणते, ‘काय करायचं ते लग्नानंतर कर.’ कोणता कट करावा, तो मनासारखा करून कसा घ्यावा आणि केव्हा?

पत्रात तुम्ही स्वतःबद्दल कुठे ‘गेले’ लिहिलंय, कुठे ‘गेलो’. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ सर्रास म्हणतात, त्यामुळे त्यावरून मी काहीच ठरवत नाही. तुम्हाला काय म्हणवून घ्यायला आवडतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि या प्रश्नासाठी ते लिहायची गरजही नव्हती. केस कापण्याआधी स्वतःला एखादं नाव देऊन मोकळं व्हायला हवं, असं काही नसतं.

सुरुवात अडीच वर्षांपूर्वीच्या त्या कटापासून करू. तुमचा निष्कर्ष असा दिसतो, की आखूड केसांनी तुम्ही ‘गोड’ दिसता, म्हणजे आता काहीतरी वेगळंच शोधायला हवं. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी लांबी ठीकच कापली गेली होती. चुकल्या त्या कडा.

केसांत चार जागा अशा असतात, जिथून बघणाऱ्याची नजर बाई की पुरुष ते उचलते: कानांपुढचे कल्ले, मानेवरची कड, कानशिलाच्या वरचा कोपरा आणि कपाळावरची झुलपं. पार्लरमध्ये कल्ल्याच्या जागी खाली निमुळती होत जाणारी बट सोडतात. पुरुषांच्या दुकानात तेच केस आडवे कापून वर वस्तरा फिरवतात. मानेचंही तसंच. एकीकडे मध्यभागी टोक काढतात, दुसरीकडे चौकोनी रेषा ओढतात. कोपरा म्हणजे डोक्याचा माथा जिथे बाजूला वळतो ती जागा. कंगवा कानाच्या वर डोक्याला सपाट टेकवून उभा धरला, तर ज्या उंचीवर डोकं कंगव्यापासून सुटतं, तिथे तो असतो. तिथले केस लांब ठेवले की डोक्याची बाह्यरेषा चौकोनी दिसते, कापून टाकले की चेंडूसारखी गोल होते. तुमच्या त्या कटात बहुधा चारही जागा एकाच बाजूला झुकल्या होत्या: बटा नाजूक, मान टोकदार, कोपरे गोल, झुलपं एका बाजूला हळुवार वळवलेली. मग केस 5 सेंटीमीटरचे असोत की 50, बघणाऱ्याला शंका उरतच नाही.

1920 च्या दशकात युरोपात बायकांनी ‘ईटन क्रॉप’ उचलला. इंग्लंडमधल्या मुलांच्या शाळेचंच नाव त्याला होतं आणि केस खरोखर तेवढे आखूड, चापून बसवलेले असत. पण पॅरिस गाजवणारी नर्तकी जोसेफिन बेकर कपाळावर आणि कानापुढे केसांची छोटी वळणं चिकटवून तोच कट मिरवायची. ती दोन-चार वळणं सगळ्या लांबीवर मात करत.

म्हणून तुम्हाला हव्या असलेल्या, म्हणजे बाई की पुरुष हे चटकन न सांगणाऱ्या ‘अँड्रोजिनस’ कटाचा साधा हिशेब असा मांडता येतो: चारपैकी दोन जागा कडक ठेवायच्या, दोन मऊ. चारही कडक केल्या तर तो पुरुषांचा नेहमीचा कट होतो, चारही मऊ केल्या तर पिक्सी, म्हणजे बायकांचा नेहमीचा आखूड कट. कुठल्या दोन कडक ठेवायच्या हे केसांच्या जातीवर आणि चेहऱ्यावर ठरतं. तुमच्याबाबतीत मी कल्ले आणि कोपरे कडक ठेवेन, मान आणि झुलपं मऊ. कारण पुढे येतंच.

त्या ‘गोड’ शब्दाबद्दल थोडं. आपल्याकडे ‘बॉयकट’ आणि ‘मशरूम कट’ कित्येक वर्षं लहान मुलींचे होते. उवा नकोत, शाळेची घाई, वेण्या घालायला वेळ नाही, म्हणून आयांनी केलेले. मोठ्या माणसाच्या डोक्यावर तोच गोल आकार दिसला, की लोकांना लहान मुलगीच आठवते आणि तोंडून ‘गोड’ निघतं. ते तुमच्या चेहऱ्याचं मूल्यमापन नव्हतं, त्या आकाराची जुनी ओळख होती. आकार बदलला की शब्दही बदलतात.

आता मैत्रिणींचा आक्षेप. गोल चेहऱ्याला आखूड केस शोभत नाहीत, हा नियम कुठून येतो ते बघा. चेहऱ्याच्या आकाराचे सगळे तक्ते एकाच गृहीतावर उभे आहेत: चेहरा लंबगोल दिसला पाहिजे आणि जे तसं नाही ते झाकलं पाहिजे. अभिनेत्री साधनाच्या नावाचा ‘साधना कट’ गाजला तोही रुंद कपाळ झाकण्याच्या युक्तीतून आलेला. झाकणं हा एक हेतू झाला. तुमचा तोच आहे का? तुम्हाला तर भुवया, कान, जबडा मोकळे दिसायला हवेत, असं तुमच्याच पत्रातून जाणवतं. गालांवर गोलाई आहे तर असू दे. बाजू चापट ठेवल्या, कोपरे टिकवले आणि माथ्यावर 2 ते 3 सेंटीमीटरची उंची घेतली, की गोल चेहऱ्याला चौकट मिळते. टाळायच्या गोष्टी दोनच: गालाच्या उंचीवर फुगणारे केस, आणि भुवयांवर पट्टीनं कापल्यासारखी सरळ झुलपं. या दोन्हींनी रुंदी वाढते.

आखूड मानेचंही तसंच. मानेवर आडवी रेषा ओढली की नजर तिथे थांबते आणि मान खरंच तोकडी दिसते. केस खाली जाताना हळूहळू बारीक होत कातडीत विरले, तर मान लांब वाटते. म्हणून तुमची मान ‘मऊ’ गटात. मात्र मऊ म्हणजे टोकदार नव्हे. केसांची नैसर्गिक रुंदी दोन्ही बाजूंना तशीच ठेवायची, फक्त खालची कड विरघळवायची.

आणखी एक समज तुमच्या पत्रात ओळींच्या मधे आहे, की असं दिसायला उंच, सडपातळ, टोकदार जबड्याचं असावं लागतं. मासिकांतल्या फोटोंनी हा समज पक्का केलाय. भरल्या अंगाच्या, बुटक्या, गोल चेहऱ्याच्या माणसावरही हा कट तितकाच बोलतो. तिथे कडांची निवड जास्त विचारानं करावी लागते, एवढंच.

तुमच्या केसांचा खरा पेच दाटपणा आणि लाट यांचा आहे. असे केस हनुवटीपर्यंत एकाच लांबीत कापले, तर खाली फुगून त्रिकोण होतो. लांब केस टप्प्याटप्प्यानं कापणारे बरेचजण नेमके याच त्रिकोणाशी थांबतात, आरशात बघून घाबरतात आणि पुन्हा वाढवायला लागतात. त्यामुळे टप्पे जरूर करा, पण मधला टप्पा बॉबकटचा नको.

पहिला टप्पा लेअरचा ठेवा. सलूनमध्ये ‘वुल्फ कट’ किंवा ‘शॅग’ म्हटलं तर बहुतेकांना कळतं. माथ्यावरचे केस 12 ते 14 सेंटीमीटर, झुलपं नाकाच्या शेंड्यापर्यंत, कानांवरचे गालाच्या हाडाखाली संपणारे आणि मागचे कॉलरपर्यंत. दाट, लाटदार केसांना हा आकार फार मानवतो. वजन वरून निघतं आणि लाट आपोआप उठून दिसते. चार-पाच आठवडे यात राहून बघा. याच टप्प्यावर मन भरलं तर थांबायला काहीच हरकत नाही. हाही पुरता अँड्रोजिनस कट आहे, फक्त इथे कल्ले आडवे कापून घ्यायला विसरू नका.

दुसरा टप्पा आखूड. माथ्यावर 9 ते 10 सेंटीमीटर, झुलपं साधारण 8, कानशिलापाशी 4, कानाच्या लगेच वर अडीच, मानेवर दीडपासून सुरू होऊन खाली विरत जाणारे. बाजू कात्री-कंगव्यानं कापायच्या, मशीननं नव्हे. मशीन फक्त मानेच्या सगळ्यात खालच्या 2 सेंटीमीटरमध्ये, आधी तीन नंबर, मग कडेला दोन नंबर. मशीनचे नंबर पाठ करून ठेवा, पुढे कायम उपयोगी पडतील: एक म्हणजे 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, तीन म्हणजे जवळपास 10 आणि चार म्हणजे 13. काही मशीनच्या कंगव्यांवर थेट मिलिमीटर लिहिलेले असतात. तिथे ‘तीन’ म्हटलं तर 3 मिलिमीटर लागतील आणि टाळू दिसायला लागेल. ‘तीन नंबर, म्हणजे 10 मिलिमीटर’ असं पूर्ण वाक्य बोला.

वर दिलेली सगळी मापं वाळलेल्या केसांची आहेत. लाटदार केस ओले असताना 10 सेंटीमीटर दिसतात आणि वाळल्यावर साडेसात-आठवर येतात. ताणून, ओले कापले की घरी पोचेपर्यंत कट आखडतो आणि दोष कापणाऱ्यावर जातो. ओले कापणार असतील तर सगळीकडे 2 सेंटीमीटर जास्त सोडायला सांगा, वाळवा आणि मग शेवटचा हात फिरवू द्या.

दाटपणा कमी करायला दातेरी कात्री लगेच पुढे येते. तिला मुळांपाशी येऊ देऊ नका. मुळाजवळ कापलेले बारीक खुंट तीन-चार आठवड्यांत वाढतात आणि वरच्या केसांना आतून ढकलतात. मग केस पूर्वीपेक्षा जास्त फुगतात, आणि त्याला उपाय उरतो फक्त वाट बघणं. दातेरी कात्री टोकाकडच्या एक तृतीयांशात चालेल. त्याहून चांगलं म्हणजे साधी कात्री उभी धरून टोकांत खाचा घेणं. वस्तऱ्यानं टोकं तासणंही लाटदार केसांना नको, टोकं पिंजतात.

अजून एक पर्याय अंडरकटचा: मागच्या हाडाच्या खालचे केस चार नंबरनं उतरवायचे आणि वरचे त्यावर पडू द्यायचे. दाटपणा एकदम निम्मा वाटतो, पुण्याच्या उन्हाळ्यात मानही सुटते. पण परतीची वाट लांब आहे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे 13 मिलिमीटरपासून 10 सेंटीमीटरपर्यंत यायला सात महिने. पहिल्याच वेळी हा करू नये असं माझं मत.

कापण्याआधी डोक्यावरचा भोवरा कुठे आहे तो शोधून ठेवा. भोवऱ्यावरचे केस एक तर 1 सेंटीमीटरपेक्षा आखूड हवेत, नाहीतर 5 पेक्षा लांब. मधल्या लांबीत ते उभे राहतात आणि कुठलंही क्रीम त्यांना बसवू शकत नाही. दोन भोवरे असतील तर तिथे 6 सेंटीमीटर सोडायला सांगा.

आता खुर्चीत बसल्यावरचं. सलूनवाल्याचा नकार नेहमी तिरस्कारातूनच येतो असं नाही. कधी त्याला खरंच सवय नसते, कधी वाटतं मनासारखं झालं नाही तर वाद होईल, कधी दुकानातल्या गर्दीपुढे संकोच. तरी नकार लागतोच, आणि तो तुम्ही गिळून घ्यावा असं मी म्हणणार नाही. दुसरं दुकान शोधा. तुम्हाला हवा तो माणूस असा: जो रोज कात्रीनं आखूड केस कापतो आणि ज्याला लांबी शिल्लक ठेवायचा धीर आहे. पार्लरमधले बरेच हात यू कट, स्टेप कट यांत तयार झालेले असतात. साध्या दुकानातले बरेच हात मशीनवर. दोन्ही येणारी माणसं युनिसेक्स सलूनमध्ये जास्त भेटतात, पण तिथेही आधी फोन करून दोन प्रश्न विचारा. ‘कानावरचे केस कात्री-कंगव्यानं कापता का?’ आणि ‘दर लेडीज-जेंट्सवर आहे की लांबीवर?’ दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या जागेचा स्वभाव बऱ्यापैकी कळतो. शनिवार-रविवार टाळा, आठवड्याच्या मधल्या दुपारी जा. घाईत कापणारा हात ओळखीच्या आकाराकडेच वळतो.

‘अँड्रोजिनस करा’ असं म्हणू नका. ‘मुलासारखा करा’ असंही नको, लगेच साइडला मशीन लागेल. ‘शॉर्ट पण छान दिसेल असा’ म्हणालात तर अडीच वर्षांपूर्वीचा कट परत मिळेल. चार जागांची चार वाक्यं बोला: ‘कल्ले कानाच्या मध्यापर्यंत, सरळ ठेवा, टोकदार नको, वस्तरा लावू नका. मानेवर रेषा ओढू नका, कड विरू द्या, मध्ये टोक काढू नका. वरचे कोपरे राहू द्या, गोल करू नका. पुढचे केस वेडेवाकडे, भुवयांना टेकतील एवढे ठेवा.’ सोबत फोटो तीन न्या, समोरून, बाजूनं आणि मागून. शक्यतो तुमच्यासारख्याच दाट, लाटदार केसांच्या माणसाचे. सरळ, विरळ केसांवरचा फोटो दाखवून लाटदार केसांत तो मागणं हा सगळ्यात जास्त होणारा घोटाळा आहे. एखादा फोटो ‘हे नको’ म्हणूनही दाखवा, तुमचाच जुना असेल तर उत्तम. आणि काम चालू असताना, कल्ल्यांना हात लागायच्या आधी, ‘एक मिनिट थांबा’ म्हणायला लाजू नका.

जाताना कपडेही विचार करून घाला. कापणारा माणूस केसांबरोबर कपडे, कानातलं, भुवया हे सगळं वाचत असतो आणि नकळत त्याला जुळेल असं कापतो. साधा कॉलरचा शर्ट बरा. भुवया थ्रेडिंगनं बारीक, कमानदार केल्या असतील तर सहा ते आठ आठवडे वाढू द्या. आखूड केसांत भुवया एकदम पुढे येतात आणि एकट्या त्या सगळा तोल बदलू शकतात.

कापलेले केस दान करायचं मनात असेल तर आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी निदान 12 इंच, म्हणजे 30 सेंटीमीटर सलग केस लागतात. तुमच्या लांबीत दोन टप्प्यांनी गेलात तर तेवढे निघणार नाहीत. दानासाठी एकदम कापायचं ठरलं तर केस धुऊन पूर्ण वाळवा, पाच-सहा वेगळ्या शेंड्या बांधा आणि रबराच्या वर कापा. एकच शेंडी बांधून कापली की पुढचे केस लांब आणि मागचे फार आखूड राहतात, मग सुधारायला जागाच उरत नाही. ओले केस बांधून ठेवले तर बुरशी धरते.

रोजची बांधणी सोपी आहे, पण क्रम पाळावा लागतो. केस धुतल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसू नका. जुन्या सुती टी-शर्टमध्ये दाबून पाणी काढा. ओलसर असताना मटाराच्या दाण्याएवढं लीव्ह-इन क्रीम, म्हणजे लावून न धुता तसंच ठेवायचं. ड्रायर मध्यम आचेवर, तोंड मुळाकडून टोकाकडे, आणि बोटांनी केस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ढकलत राहा. त्यामुळे भांग मोडतो आणि माथ्यावर उंची येते. पूर्ण वाळल्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढी मॅट क्ले (केस बसवायचं, चमक नसलेलं घट्ट क्रीम) तळहातांवर घासा, ती दिसेनाशी होईपर्यंत. सुरुवात माथ्याच्या मागून करायची, मग वर, आणि हातावर जे उरेल ते झुलपांना. बहुतेकजण पुढून सुरुवात करतात, सगळी क्ले कपाळावर बसते आणि नऊ वाजता लावलेली झुलपं अकरापर्यंत चिकट होतात.

एकाच कटाचे दोन चेहरे करता येतात, आणि तुमच्यासारख्याला हे जास्त आवडेल असं वाटतं. झुलपं पुढे, विस्कटून भुवयांवर घेतली की चेहरा मऊ होतो. तेच केस खालून भांग पाडून मागे नेले, थोडी जेल लावून कानामागे चापले, की कल्ले आणि जबडा पुढे येतात. ज्या दिवशी जसं वाटेल तसं, कात्री न लावता.

पुण्यात हेल्मेट आलंच. क्ले लावून हेल्मेट घातलं तर केस साच्यात ओतल्यासारखे बसतात. घरून निघताना नुसते वाळवून, पातळ सुती टोपी घालून त्यावर हेल्मेट घाला, आणि ऑफिसात पोचल्यावर बोटं ओली करून मुळांत फिरवा, मग क्ले. बोअरच्या पाण्यानं धुत असाल तर महिन्याभरात केस राठ होतात आणि लाट मरते. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. खोबरेल तेल सोडायची गरज नाही, पण धुण्याच्या आदल्या रात्री लावा. तेलावर क्ले लावली की केसांच्या जुड्या होतात.

दर पाच-सहा आठवड्यांनी कट, आणि मधे तिसऱ्या आठवड्यात फक्त कल्ले आणि मान. ते दहा मिनिटांचं काम आहे. पण ते चुकवलं की कल्ल्यांना पुन्हा टोक येतं आणि आकार ओळखू येईनासा होतो.

आता आई आणि लग्न. आईचा विरोध ‘लोक काय म्हणतील’ एवढ्यावर उडवून लावू नका. आपल्या समाजात बाईच्या कापलेल्या केसांना एक जुनी, दुखरी आठवण चिकटलेली आहे. अनेक घरांत विधवांचं केशवपन होत असे. त्याविरुद्ध 1890 च्या सुमारास मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी संप केला, अशा मुंडणाला वस्तरा लावणार नाही म्हणून. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. घरातल्या आजीच्या तोंडून ‘शुभकार्यात केस कापू नये’ येतं, तेव्हा त्यामागे ही छाया असू शकते, आणि आईलाही ती नीट शब्दांत सांगता येत नसेल. हे कारण असेल तर तुमच्याजवळ चांगलं उत्तर आहे: तेव्हा बाईला विचारलं जात नव्हतं, इथे कापायचं मी ठरवतेय किंवा ठरवतोय. जे क्रियापद तुम्हाला जवळचं असेल ते वापरा.

वेळेचा विचार करता, चार महिने भरपूर आहेत. पहिला टप्पा या महिन्यात, दुसरा पाच आठवड्यांनी, मग लग्नापर्यंत दोनदा सफाई, आणि शेवटची सफाई लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी. नवा कट आठवड्याभरानं बसतो, म्हणून आदल्या दिवशी कधीच नको. या वाटेनं गेलं तर मंडपात येईपर्यंत तुमच्या केसांची नवलाई घरात संपलेली असेल आणि फोटोंत सगळ्यांच्या नजरा नवरीवरच राहतील. दुसरी वाट थांबण्याची. केस चार महिन्यांत 5 सेंटीमीटर जास्त वाढतील, बाकी काही बिघडत नाही. बहिणीला हे ओझं वाटणार असेल, किंवा भांडण तिच्या लग्नावर सांडणार असेल, तर थांबणं हाही तुमचाच निर्णय असेल, माघार नव्हे. म्हणून आईआधी बहिणीशी बोला. तिची साथ मिळाली तर मी आत्ताच कापायला सांगेन. मधली वाट म्हणजे फक्त पहिला टप्पा आत्ता. त्या लांबीत गंगावन लावून अंबाडा घालता येतो आणि आईचाही मान राहतो. पण गंगावन घालून दिवसभर स्वतःला परकं वाटणार असेल तर त्या तडजोडीला अर्थ नाही.

आखूड केसांत लग्नाचा साज होत नाही, ही समजूतही तपासून बघा. बुगडी हा दागिना कानाच्या वरच्या कडेला असतो, लांब केसांत तो निम्मा झाकला जातो. कान मोकळे असतील तर एक बुगडी सगळ्या खोप्यांना भारी पडते. नेहरू शर्ट आणि उपरणं, काठपदराची साडी आणि कॉलरचं पोलकं, यांतलं काहीही या कटाबरोबर चालतं. केस जेलनं मागे चापा, कल्ले त्याच दिवशी सकाळी कंगव्यानं खाली ओढून घ्या.

तुमच्यासारखीच इच्छा असलेल्या, पण उलट दिशेनं येणाऱ्या वाचकांसाठी चार शब्द. केस 2 सेंटीमीटरवरून वाढवायचे असतील तर वर्षभरात ते 17 पर्यंत पोचतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात केस कानांवर अडकतात, तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. त्या काळात वरचे केस वाढू द्या, पण मान दर सहा आठवड्यांनी साफ करा, नाहीतर मागे शेपूट आणि वर टोपी असा आकार होतो. तुमच्या चार जागांत कल्ले मऊ करणं सगळ्यात आधी साधतं: वस्तरा बंद करा आणि ते खाली येऊ द्या. कानशिलांपाशी केस मागे सरकले असतील तर झुलपं माथ्यावरून पुढे आणा, भांग मध्ये नको. केस सरळ आणि विरळ असणाऱ्यांनी लेअरच्या नादी लागू नये. एकाच लांबीच्या, ठसठशीत कडा त्यांना जास्त उठून दिसतात, आणि कोपरे त्यांच्या केसांत आपोआप टिकतात.

आणि जे अजून घरच्यांच्या पैशावर, घरच्यांच्या छपराखाली आहेत, ज्यांना केस कापल्यावर मार किंवा कोंडून ठेवण्याची भीती आहे, त्यांनी आधी सुरक्षित जागा बघावी. तोवर बांधले की दिसणारा आणि मोकळे सोडले की झाकला जाणारा मानेवरचा छोटा अंडरकट करता येतो. तो तुमच्यापुरता ठेवता येतो.

कट झाल्यावर पहिले तीन दिवस दुरुस्तीला धावू नका. मान गार लागेल, हात सवयीनं नसलेली वेणी शोधेल, आणि केस अजून जुन्या भांगाकडे ओढत असतील. दोनदा धुऊन होऊ द्या. पाचव्या दिवशी, खिडकीच्या उजेडात, काहीही न लावता चार फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून. कल्ला नीट दिसू दे. पुढच्या वेळी खुर्चीत बसल्यावर दुसऱ्या कुणाचे फोटो न्यायची गरज नाही, हेच दाखवा आणि यातलं काय तसंच ठेवायचं, काय बदलायचं ते बोट ठेवून सांगा.